ओसरीतली खुंटी

माझ्या लेकरांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या धाकटीने मला एक प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकायच्या आत तिची बस आली. तिच्या गावात म्हणे एक पोलीस ड्युटी संपवून, घरच्या कपड्यांत, भाजी घ्यायला निघाला होता. फुटपाथवरून सायकल चालवतो म्हणून त्याने एका मुलाला खाली पाडलं आणि गुडघ्याखाली दाबून धरलं. "आजी, तुमच्या वेळी असं व्हायचं का?" एवढं विचारून ती बसमध्ये चढली.

व्हायचं, बाई. आणि गंमत अशी की त्याच आठवड्यात आदिलाबादहून माझ्या भाच्याचा फोन आला. आमच्या जुन्या घराला तो रंग देतो आहे. ओसरीच्या भिंतीतली लाकडी खुंटी मध्ये येते, काढून टाकू का, असं रंगारी विचारत होता. मी म्हटलं, थांब, काढू नकोस. का, ते त्याला फोनवर सांगता आलं नाही. धाकटीला आणि भाच्याला द्यायचं उत्तर एकच आहे, म्हणून ते एकदाच नीट लिहून ठेवते. तुमच्यातला मोठा म्हणतो की आजी गोष्ट सांगण्याआधी घर आवरून घेते. खरं आहे. इंग्रजी शाळेने मला तेवढं एक शिकवलं, बाकीचं विसरले. तेव्हा आधी गल्ली आवरू.

आमची गल्ली मावला गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होती. राज्य निजामाचं. माझे वडील तहसिलीत अहलकार, म्हणजे कारकून. कचेरीची भाषा उर्दू, म्हणून ते कचेरीत उर्दूत नमत आणि घरी येऊन मराठीत रागावत. घर साधं, कौलारू, पुढे ओसरी. ओसरीच्या भिंतीत सागवानाची एक खुंटी होती, तिच्यावर वडिलांची टोपी. घरात शिरताना त्यांचा हात न बघता त्या खुंटीकडे जाई. मी तेव्हा परकर नेसणारी, दहाएक वर्षांची मुलगी.

गल्लीच्या रस्त्याकडच्या तोंडाशी, शेवटच्या घरात एक पोलीस राहायला आला. तेव्हा पोलिसाला जवान म्हणत, आणि आम्ही त्याला जवानसाहेब म्हणत असू. माणूस आपल्यातलाच, किनवटकडचा, मराठी बोलणारा. त्याची ड्युटी होती खजिन्याच्या दारावर. त्या दाराजवळ चिमणीसुद्धा विचार करून बसायची. त्यामुळे दिवसभर उभं राहूनही त्याला कायदा वापरायला मिळत नसे, आणि तो सगळा न वापरलेला कायदा तो संध्याकाळी घरी घेऊन येई.

घरी आला की डगला, पागोटं, पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या सगळं उतरवून बायकोच्या हाती देई. विहिरीवर तोंड धुई, लुंगी नेसे. आणि मग बनियनवर तो सरकारी चामडी पट्टा पुन्हा कमरेला आवळी. रुंद, काळा, पुढे पितळेचं जड बक्कल. बायकोने एकदा विचारलं की घरी कशाला हवा तो, तर म्हणाला, "पट्टा काढला का मले पोट ढिलं लागते." असा तो दारापुढे खाट टाकून बसे आणि गल्लीकडे बघत राही.

तो येईपर्यंत आमच्या गल्लीत एवढे गुन्हे होतात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. सायकलला दिवा नाही. एका सायकलवर दोघं. भांड्याचं पाणी रस्त्यावर फेकलं. शेळी मोकळी सोडली. साहेबांसमोर बिडी ओढली. बिडी विझवली पण सलाम केला नाही. यातलं काहीही दिसलं की खाटेवरून आवाज येई, आणि तोही उर्दूत, कारण पट्टा बांधला की त्याची मराठी बंद होई.

"ए! ठैर! कायदा मालूम नै क्या बे?"

मग तो उठे, पट्टा सोडी आणि एक ठेवून देई. एवढ्यावर भागलं नाही तर दुसरा. पट्टा सोडला की लुंगी सैल व्हायची. तेव्हा एका हातात लुंगी आणि दुसऱ्या हातात कायदा, असा तो गल्लीत उभा असे. आम्हा पोरींना हसू फुटायचं, पण ते आम्ही घरी नेऊन हसत असू. ज्याला लागलेलं असे तो काही हसत नसे. पाठीवर पट्ट्याची रुंदी उमटायची, आणि बक्कल लागलं तर कातडं फाटायचं.

त्याची बायको मात्र गोड बाई होती. बाजारहत्नूरची, म्हणजे माझ्या आईच्या माहेरची, तिच्याच आळीतली. आईला ती अक्का म्हणे. त्यामुळे आई झाली जवानसाहेबाची आकडसासू. बायकोच्या मोठ्या बहिणीला आमच्याकडे असं म्हणतात. आकडसासूपुढे माणूस खाटेवर बसत नाही, आवाज चढवत नाही. पण हे नातं दोन्हीकडून बांधलेलं असतं. आकडसासूनेही जावयाला टाकून बोलायचं नसतं. डोक्यावर पदर घ्यायचा आणि गप्प बसायचं. आई गल्लीतून जाताना तो चटकन खाटेवरून उठून उभा राही, आई पदर ओढून पुढे जाई, आणि आईची पाठ वळली की पुन्हा "ए! ठैर!" सुरू.

त्या दोघांना एक मुलगी होती, सहाएक वर्षांची. आणि त्या वर्षी तिची पहिली भुलाबाई बसली.

भुलाबाई तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. भादव्याच्या पुनवेला मुली मातीची भुलाबाई आणि भुलोजी घरात बसवतात, ते कोजागिरीपर्यंत. रोज दिवेलागणीला गल्लीतल्या सगळ्या मुली मिळून एकेका घरी जातात, भुलाबाईपुढे टाळ्या वाजवत गाणी म्हणतात. गाणी संपली की त्या घरची आई झाकणाचा डबा आणते. त्यात असते खिरापत, म्हणजे खाऊ. ती डबा उघडत नाही, नुसता हलवते. आवाजावरून ओळखायचं, आत काय आहे. ओळखल्याशिवाय खिरापत मिळत नाही, आणि ओळखल्याशिवाय कोणी उठायचंही नाही. एकदा भुलाबाईपुढे डबा वाजला की आतली वस्तू त्या घरची राहत नाही. ती मुलींना वाटून टाकायची, त्यातलं काही माघारी घ्यायचं नाही. हा नियम आमच्या आया देवाच्या नियमासारखा पाळत.

आणखी एक होतं. ज्या घरी कोजागिरीपर्यंत दुसऱ्या घरची एकही मुलगी गायला आली नाही, त्या घरची भुलाबाई मुकी गेली असं म्हणत. ते त्या घरच्या मुलीला चांगलं नसतं, असं सगळ्या बायका मानत. माझ्या इंग्रजी शिक्षणाने मला पुढे अशा पुष्कळ गोष्टींवर हसायला शिकवलं. पण पहिलीच भुलाबाई मुकी गेली तर त्या पोरीला काय वाटेल, हे समजायला शिक्षण लागत नाही.

आम्ही मुलींनी गल्लीच्या वरच्या टोकापासून घरं घ्यायला सुरुवात केली. जवानाचं घर शेवटचं. ती सहा वर्षांची पोर रोज आमच्यासोबत प्रत्येक घरी यायची, शब्द चुकवत जोरजोरात गायची, आणि निघताना मला विचारायची, "आमच्या घरी कधी येनार वो ताई?"

"येऊ ना. तुझं घर शेवटी आहे."

"आईनं डबा घासून ठेवला."

त्यातच फुटाणेवाल्याची गोष्ट झाली.

हा फुटाणेवाला रोज दुपार कलली की आमच्या गल्लीच्या तोंडाशी टोपली घेऊन बसे. टोपलीत फुटाण्यांच्या मधोमध निखाऱ्यांचं छोटं मडकं, म्हणजे फुटाणे गरम राहत. भुलाबाईच्या दिवसांत त्याला वेळ पुरत नसे, कारण निम्म्या घरांची खिरापत त्याच्याकडूनच जायची. त्या दिवशी आम्ही दोघीतिघी त्याच्यापुढे उभ्या होतो. मागून एक बैलगाडी आली आणि टोपलीमुळे तिला थोडं थांबावं लागलं. गाडीवाला काही बोलला नाही. बैलही काही बोलले नाहीत. बोलला तो खाटेवरचा जवान.

"ए! रास्ता तेरे बाप का है क्या?"

"पोरींले देऊन उठतोच साहेब," फुटाणेवाला म्हणाला. त्याचा हात टोपलीतच होता.

"जबाब देता?"

आणि लुंगी सावरत तो आला. पट्टा फिरला. बक्कल त्याच्या उजव्या हाताच्या कोपराखाली बसलं. टोपली उलटली, मडकं फुटलं, निखारे आणि फुटाणे धुळीत एकत्र झाले. मी सवयीने फुटाणे वेचायला खाली वाकले, आणि मग लाज वाटून तशीच उभी राहिले. जवान परत जाऊन खाटेवर बसला. बैलगाडी निघून गेली. रस्ता मोकळा झाला, हे त्याचं म्हणणं खरंच होतं.

फुटाणेवाल्याला आईने ओसरीवर बसवून हळद-तेल लावलं. हात सुजून टम्म झाला होता. भट्टीवर तापलेल्या वाळूत झारा फिरवायचा तो हा हात. तो काही रडला-ओरडला नाही. "वाळू थंडी होईन माही," एवढंच म्हणाला.

वडिलांना राग आला. कारकुनाला राग आला की तो अर्ज लिहितो, तसं न करता ते त्या दिवशी टोपी घालून स्वतः ठाण्यावर गेले, हे मी त्यांच्या बाजूने सांगून ठेवते. तिथल्या अमीनसाहेबांची आणि त्यांची ओळख होती. अमीन म्हणजे ठाण्याचा मुख्य. परत आले तेव्हा फुटाणेवाला अजून ओसरीवरच होता.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"विचारलं, मारला तेव्हा तो वर्दीत होता का? मी म्हटलं, लुंगीत होता. तर म्हणाले, मग तो जवान नव्हता, तुमचा शेजारी होता. शेजाऱ्यांच्या भांडणात ठाणं पडत नाही." वडील फुटाणेवाल्याकडे वळले. "म्हणाले, त्याला हात नाहीत का? त्यानंही मारायचं होतं."

फुटाणेवाला हसला. त्या दिवशी पहिल्यांदाच. "हात हायेत ना साहेब. पन त्याच्या हाती सरकारी पट्टा होता. मी हात उचलला असता तं तो शेजारी राह्यला असता का? लगेच जवान झाला असता."

वडिलांनी टोपी काढून खुंटीवर अडकवली आणि आत गेले.

पुढे मी नागपूरला मामाकडे राहून कॉलेजात गेले. कायदा या विषयावर मोठी मोठी पुस्तकं वाचली. त्या फुटाणेवाल्याने ओसरीवर जे सांगितलं, त्यापुढे ती मला फारशी नेऊ शकली नाहीत. तो माणूस ड्युटीवर नसताना शेजारी होता आणि पट्टा बांधला की सरकार होता. मार मात्र दोन्ही वेळा सारखाच लागत होता.

फुटाणेवाला गल्लीत यायचा बंद झाला. आणि गल्लीतल्या आयांनी, आपापसांत काही न ठरवता, एकच गोष्ट ठरवली. जवानाच्या घरी मुली जाणार नाहीत. "पोरी हायेत, गाताना आवाज होतेच," एक म्हणाली. "त्याच्या कायद्यात गाणंबी गुन्हा असन तं?" दुसरी म्हणाली, "कोणाच्या पोरीले बक्कल लागलं तं पुढं लग्नात तोंड कोण पाहीन?" माझ्या आईनेही मला पाठवलं नाही.

आम्ही खालच्या टोकापर्यंत आलो आणि तिथून माघारी फिरून पुन्हा वरच्या घरांपासून सुरुवात केली. ती पोर आमच्यासोबत होतीच. दुसऱ्या फेरीत तिच्या लक्षात आलं.

"ताई, आमचं घर राह्यलं."

मी काय सांगणार? म्हटलं, "विसरलो गं."

नंतर संध्याकाळी आम्ही कुठे गात असलो की मध्येच, गाणं बदलताना, गल्लीच्या टोकाहून दुसरं गाणं ऐकू यायचं. एक बारीक आवाज आणि एक बाईचा. टाळ्याही त्या दोघींच्याच. तेवढ्याने भुलाबाई बोलकी होत नसते. दुसऱ्या घरची मुलगी लागते.

कोजागिरी जवळ आली तशी जवानाची बायको एका दुपारी आमच्याकडे आली. आई जोंधळे निवडत होती. ती समोर बसली आणि सुपातले खडे वेचू लागली.

"अक्का, पोरी येत नाई."

"हाव."

"माह्या लेकरानं काय केलं?"

"लेकरानं काई नाई केलं. तू बी काई नाई केलं." आईने सूप खाली ठेवलं. "पन त्या पट्ट्यासमोर कोणती माय आपली पोर धाडंन? तूच सांग, तू धाडशीन का?"

तिने सुपातला आणखी एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "त्याले तुमी काऊन नाई सांगत? तुमचं तो ऐकन."

"मी त्याची आकडसासू. कारण नसता कशी बोलू? बोलले तं मान गेला, त्याचा बी अन् माहा बी."

"कारण असलं तं?"

"असलं तं पाहू," आई म्हणाली.

ती उठली. जाताना तिने ओसरीवर थांबून पदर नीट केला. मला वाटलं ती रडते आहे, पण तिचा चेहरा हिशोब करणाऱ्या बाईसारखा होता.

कोजागिरीच्या दिवशी सकाळी ती हळदीकुंकवाची कोयरी घेऊन दारोदार फिरली. प्रत्येकीला कुंकू लावलं आणि एकच वाक्य सांगितलं. "आज संध्याकाळी पोरींले धाडा. त्याच्या आंगावर पट्टा नसंल, माहा शब्द हाय." बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी आई म्हणाली, "मी जाते पोरींसंगं." तेवढ्यावर सगळ्या तयार झाल्या.

दिवेलागणीला आम्ही निघालो. आई पुढे, आम्ही मागे. तिथे पोहोचलो तर खाट रिकामी. घरातून ट्रंक सरकवल्याचा, भांडी हलवल्याचा आवाज. जवानसाहेब लुंगीची गाठ मुठीत धरून आतल्या खोलीत पट्टा शोधत होते. आंघोळीला गेले तेव्हा पट्टा घरातल्या खुंटीवर होता आणि आल्यावर नव्हता.

"इथंच ठेवला होता ना वो मी!"

"असंल कुठं," बायको म्हणाली. "पोरी आल्या. आवाज नका करू."

भुलाबाई सुरेख मांडली होती. वर जोंधळ्याच्या ताटांचं मखर, कणसं लोंबणारी, खाली दिवा. ती पोर नवा परकर नेसून दारातच उभी होती. आम्हाला बघताच ती सगळ्यांना आत ओढू लागली. आम्ही गायला लागलो. आधी दबकत, एक डोळा आतल्या दाराकडे. पण गाण्याचं असं आहे की तिसऱ्या गाण्यापर्यंत भीती लक्षात राहत नाही. पोर आमच्या मधोमध उभी राहून टाळ्या पिटत होती. आतला शोधही थांबला. ट्रंकेचा आवाज बंद झाला.

गाणी संपली. तिच्या आईने डबा आणला. पितळेचा, घासून लख्ख केलेला. तिने तो भुलाबाईपुढे धरला आणि हलवला.

असा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. आधी धप्प, मग खण्ण.

"नारळ!" एक ओरडली.

"नाई."

"खारका?"

"नाई."

"गुळाची ढेप अन् अडकित्ता!" यावर सगळ्या हसल्या. अडकित्ता कोण खाणार? सुपारी झाली, खडीसाखर झाली, बत्तासे झाले. मी फार विचार करून उसाच्या कांड्या म्हटलं. ती दर वेळी मान हलवी आणि पुन्हा डबा वाजवी. धप्प, खण्ण. ओळखल्याशिवाय उठता येत नाही, आणि आम्हाला तर नावं संपली होती.

तेव्हा ती सहा वर्षांची पोर म्हणाली, "मले मालूम हाय."

घरच्या मुलीने ओळखू नये असा रिवाज, पण आम्ही हरलो होतो. "सांग मग," मी म्हटलं.

"बाबाचा पट्टा."

तिने ते अगदी सहज, आनंदाने सांगितलं. तो आवाज तिच्या इतक्या ओळखीचा होता. कोणी हसलं नाही. तिच्या आईने झाकण उघडलं. काळं चामडं गुंडाळी करून ठेवलेलं, आणि वर ते बक्कल.

आतल्या दारात जवान उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "आण इकडं तो," तो बायकोला म्हणाला. मराठीत म्हणाला.

आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली, तोंड भुलाबाईकडे ठेवून.

"जावईबापू, खिरापत माघारी जात नाई."

"अक्का, तो सरकारी पट्टा हाय."

"आता भुलाबाईपुढं वाजला. आता तो पोरींचा झाला."

"सकाळी हजेरी हाय माही! पट्टा नसला तं नोकरी जाईन."

"तं सकाळी पोरींकडून मागून न्या. ड्युटी करा. ड्युटी सरली का आणून द्या. आमच्या ओसरीत खुंटी हाय."

तो काही बोलणार होता. त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि त्या क्षणी, खरं सांगते, मी दाराकडे सरकले होते. पण पोर उठून त्याच्यापाशी गेली आणि लुंगी ओढून विचारू लागली, "बाबा, मी बरोबर ओळखलं ना? सगळ्या हरल्या. मीच ओळखलं ना?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग आम्हा सगळ्या पोरींकडे पाहिलं, ज्यांच्यातल्या अर्ध्या आता दाराजवळ होत्या.

"हाव माय," तो म्हणाला. "बरोबर ओळखलं."

आणि तो आत जाऊन बसला. मग बायकोने दुसरा डबा आणला. त्यात फुटाणे होते. भट्टीवर जाऊन ती स्वतः घेऊन आली होती. फुटाणेवाला एका हाताने झारा फिरवत होता म्हणे, म्हणून थोडे करपले होते. आम्ही सगळे खाल्ले.

पट्टा त्या संध्याकाळी माझ्या खांद्यावरून आमच्या घरी आला. वजनदार होता. आईने वडिलांची टोपी काढून कोनाड्यात ठेवली आणि पट्टा खुंटीवर टांगला. वडील घरी आले, न बघता हात खुंटीकडे गेला आणि विंचू चावल्यासारखा मागे आला.

"हे काय?"

"खिरापत," आई म्हणाली.

तुम्ही विचाराल, त्या बाईचं पुढे काय झालं? मलाही तीच काळजी होती. दुसऱ्या दिवशी विहिरीवर आईने तिला हळूच विचारलं, रात्री मारलं का. ती म्हणाली, "नाई वो अक्का. पट्टा तुमच्याकडं, अन् हातानं मारायची त्याले सवय नाई." दोघी हसल्या. मी तेव्हा हसले नाही, कारण मला ते पूर्ण समजलं नव्हतं. आता समजतं, म्हणून आताही हसत नाही.

पुढचे कितीतरी महिने हेच चाललं. सकाळी तो वर्दी घालून आमच्या पायरीशी येई आणि खाकरे. मी पट्टा काढून देई. संध्याकाळी परत येई, पट्टा सोडून माझ्या हाती देई आणि रिकामी कंबर घेऊन घरी जाई. पहिले काही दिवस तो कोणाकडे बघत नसे. मग बघू लागला. मग एकदा म्हणाला, "खुंटी मजबूत हाय ना?"

तो एकदम साधू झाला असं समजू नका. खाटेवरून ओरडणं चालूच होतं. पण उठून सोडायला कमरेला काही नव्हतं, आणि दोन्ही हातांनी लुंगी धरून कायदा सांगितला तर कोणी फार घाबरत नाही. एकदोनदा त्याने हात उगारला. समोरच्याने त्याच्या कमरेकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे पाहिलं आणि आपलाही हात वर केला. तेव्हा जवानसाहेबाला आठवलं की आपण शेजारी आहोत.

एकदा अवेळी दुसरा एक जवान धावत आला. नेरडीगोंड्याकडून कोणी बडा साहेब यायचा होता, सगळ्यांना बोलावणं होतं. आमचा जवान पट्टा घ्यायला पायरीशी आला तर आईने आतूनच विचारलं, "खरंच ड्युटी हाय का?" दुसऱ्या जवानाला शपथ घ्यावी लागली, तेव्हा कुठे पट्टा मिळाला. वडील म्हणाले, "निजामाच्या अख्ख्या राज्यात हे एकच घर असेल जिथं पोलिसाची ड्युटी बायका तपासतात."

वडिलांचीही एक गंमत सांगते. एका संध्याकाळी घरात कोणी नाही असं समजून त्यांनी तो पट्टा धोतरावर बांधून पाहिला. मी दारामागे होते. दोन पावलं चालले, छाती काढून उभे राहिले, आणि लगेच त्यांना जमिनीवर पडलेली माझी पाटी दिसली. "ही इथं कोणी टाकली?" एवढ्या मोठ्या आवाजात ते कधी बोलले नव्हते. आई चुलीपासून उठून आली.

"काढा ते," ती म्हणाली.

त्यांनी काढलं.

फुटाणेवाला दिवाळीनंतर परत आला. हात बरा झाला होता, फक्त तो पुरता सरळ होत नसे. टोपली ठेवली ती गल्लीच्या तोंडाशीच. खाटेवरून जवान उठला, लुंगीची गाठ धरून त्याच्यापर्यंत गेला, आणि आम्ही सगळ्या बघत राहिलो.

"जरा बाजूले बस ना गा. गाडी अडकते."

"बसतो ना साहेब. तुमच्या पोरीले देऊ का फुटाणे?"

"दे."

माफी कोणी मागितली नाही. पण मुलगी फुटाणे खात राहिली, आणि पुढच्या वर्षी तिच्या भुलाबाईपुढे आम्ही सगळ्यांच्या आधी गायलो.

मग त्याची बदली झाली. निघायच्या सकाळी तो पट्टा घेऊन गेला, आणि मी रिकाम्या खुंटीवर वडिलांची टोपी परत ठेवली. पुढच्या गावी त्याने संध्याकाळी पट्टा कुठे ठेवला, मला माहीत नाही. आमच्या गावासारखी खुंटी प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही, आणि धाकटे, तुझ्या गावात ती नाही असं दिसतं.

तो पट्टा गेला. डबा, मखर, खाट, ती माणसं, काही राहिलं नाही. गल्लीत आता सिमेंटचा रस्ता आहे. खुंटी आहे. भाच्याने काल सांगितलं, रंगाऱ्याने तिच्याभोवतीने रंग दिला, आणि तो रंगारीच सध्या तिच्यावर आपलं हेल्मेट अडकवतो.